चार कोपऱ्यांचं वजन: एका उद्योजिकेच्या आत्मविश्वासाचं प्रकरण

ताई आल्या त्या नकाराचं पत्र दाखवायला. भाषा बरी आहे ना, समोरच्याला लागेल असं काही नाही ना, एवढंच मी बघायचं होतं. पत्र एका पानाचं, नम्र आणि नीटनेटकं होतं. ते परत फाइलमध्ये घालताना दुसरा एक कागद घसरून टेबलावर आला. तो भागीदारीचा मसुदा होता. एका ओळखीच्या इंजिनिअरबरोबर वजनकाट्याचा स्वतःचा डिजिटल इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारी पेटी, बनवायची आणि विकायची. त्यावर सही करायचं त्यांचं जवळजवळ ठरलं होतं.

पहिल्या कागदात ज्या कामाला नकार होता, ते काम त्या एकवीस वर्षं करत आल्या होत्या. दुसऱ्यात ज्याला होकार होता, ते त्यांनी आयुष्यात एकदाही केलेलं नव्हतं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते या दोन कागदांमुळे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही तेच. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

समोर काय होतं

ताईंचा व्यवसाय वजनकाटे दुरुस्त करण्याचा आणि त्यांच्या कॅलिब्रेशनचा. वय ४३, व्यवसायाला सात वर्षं, हाताखाली नऊ माणसं, लहानमोठे मिळून १३० ग्राहक. गोदामांची एक मोठी साखळी त्यांना आपल्या ४० ठिकाणच्या सगळ्या काट्यांचं वर्षाचं काम द्यायला तयार होती. त्यातल्या नऊ ठिकाणी ट्रक तोलायचे वे-ब्रिजही होते. काम घेतलं तर उलाढाल दुपटीच्या पुढे जाणार, माणसं वाढवावी लागणार, जड वजनं वाहून नेणारी गाडी कर्जाने घ्यावी लागणार. उत्तराला एकवीस दिवसांची मुदत होती आणि त्यातले सतरा उलटून गेले होते.

नकार का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “एवढं मोठं काम मला झेपणार नाही, सर.” मग इंडिकेटर झेपेल का? “तो होईल. आठ महिने धरलेत.” दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच शांत सुरात उच्चारली. दोन्हींचा आधार काय, हे मात्र त्यांना सांगता येईना.

इथे मी एक चूक केली. तासभर त्यांना त्यांचीच कर्तबगारी ऐकवली: एकवीस वर्षांचा हात आहे, ग्राहक तुमच्या नावावर येतात, तुम्ही नाही तर कोण करणार. त्या मान डोलावत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, रात्रभर झोप लागली नाही, पत्र आजच पाठवून मोकळी होते. म्हणजे माझ्या तासाभराच्या बोलण्याने त्यांची खात्री वाढली तर नाहीच, काहीतरी जुनं मात्र ढवळून निघालं. पत्र दोन दिवस थांबवा, एवढी विनंती त्यांनी मानली आणि मग आम्ही मागे गेलो.

छापखाना

ताई तेरा वर्षांच्या असताना वडिलांचा छापखाना बंद पडला. तो वाईट चालला होता म्हणून नव्हे. उलट त्यांना आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली होती. तिच्यासाठी त्यांनी कर्ज काढून यंत्र घेतलं, सात महिने फक्त तेच काम केलं, आणि मग त्या ग्राहकाने पैसे थांबवले. दीड वर्षात यंत्र गेलं, जागा गेली, घरही सुटलं. ताईंना त्यातलं काय आठवतं? आकडे नाहीत. दाराची घंटा आठवते. घंटा वाजली की आई हाताने खूण करायची आणि सगळे आपापल्या जागी गप्प उभे राहायचे. बाहेरचा माणूस निघून जाईपर्यंत एकदा ताई एका पायावर उभ्या होत्या, कारण दुसरा पाय टेकला असता तर फरशी वाजली असती.

त्यांचा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. एका खोलीत सगळे शेजारीशेजारी झोपायचे ही त्याची त्या काळाची आठवण, आणि ती त्याला आवडते. आज तो ताईंपेक्षा कितीतरी सहज जोखीम घेतो. एका घरातल्या दोन भावंडांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, पण हे ऐकताना मला २०१७ साली जर्नल ऑफ फायनान्समध्ये आलेला बर्नाइल, भागवत आणि राऊ यांचा अभ्यास आठवला. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी बालपणी आपल्या भागात नैसर्गिक आपत्ती पाहिल्या होत्या का आणि पुढे ते कंपनी कशी चालवत होते, हे त्यांनी ताडून पाहिलं. संबंध सरळ रेषेतला निघाला नाही. ज्यांनी आपत्ती पाहिली पण तिची भीषण किंमत पाहिली नाही, ते जास्त जोखीम घेणारे निघाले. ज्यांनी मृत्यूंचं थैमान जवळून पाहिलं, ते जास्त सावध. संकटाने माणूस कणखर होतो, असं आपण सर्रास म्हणतो. पण त्याच संकटाने कुणाची भीड चेपते, तर कुणाचे हात बांधले जातात. झळ कुणाला कुठवर लागली, यावर ते ठरतं.

ताईंना झळ नेमकी कुठे लागली होती ते बघा. मोठी ऑर्डर, कर्ज काढून घेतलेलं साधन, एकच ग्राहक. गोदामवाल्यांच्या प्रस्तावात हे तिन्ही होतं. इंडिकेटरमध्ये यातलं एकही नव्हतं. त्यामुळे त्यांच्या आतली घंटा एका कागदाला वाजत होती आणि दुसऱ्याला वाजत नव्हती. दुसरा कागद सुरक्षित होता म्हणून नव्हे. तशा धोक्याशी त्यांची कधी गाठच पडलेली नव्हती.

कुठला कोपरा खोटं बोलतोय

बाविसाव्या वर्षी ताई एका काटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागल्या. तिथल्या सुपरवायझरबद्दल त्या आजही बोलतात तेव्हा आवाज बदलतो. तिसऱ्याच आठवड्यात त्याने एक प्लॅटफॉर्म काटा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “यातला एक कोपरा खोटं बोलतोय. कुठला ते सांग.”

ही कोपऱ्यांची चाचणी काट्याच्या धंद्यात पहिली शिकवतात. अशा चौकोनी काट्याच्या चार कोपऱ्यांखाली चार लोड सेल, म्हणजे दाब मोजणारे भाग, असतात. काट्याच्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वजन घ्यायचं आणि ते आळीपाळीने एकेका कोपऱ्यावर ठेवायचं. काटा चांगला असेल तर आकडा सगळीकडे एकच येतो. मधोमध वजन ठेवून अगदी बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यावर सरळ सरळ चुकू शकतो, आणि गिऱ्हाईक तर माल कुठेही ठेवतं. चारही सेलच्या तारा एका जंक्शन बॉक्समध्ये येतात. तिथले बारीक स्क्रू फिरवून प्रत्येक कोपरा जुळवून घ्यायचा. एक सुधारला की शेजारचा बिघडतो, म्हणून परत फेरी मारायची.

ताईंनी वजन उचललं, चार कोपरे फिरल्या, उजवीकडचा मागचा सापडला. बॉक्स उघडून जुळवायला त्यांना पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ सुपरवायझर हात पाठीमागे बांधून उभा होता. एकदाही पुढे झाला नाही, एकदाही शाबास म्हणाला नाही. शेवटी त्याने स्वतः वजन ठेवून चार आकडे पाहिले, वहीत लिहिले आणि ताईंना सही करायला सांगितलं. त्या सहीपासून मी या धंद्यातली, असं त्या म्हणतात.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘हे मला जमेल’ ही खात्री कुठून येते याचे चार झरे मांडले. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. सापाला घाबरणाऱ्या माणसांवरच्या प्रयोगांत त्याला दिसलं, की ज्यांनी टप्प्याटप्प्याने साप स्वतः हाताळला त्यांची खात्री नुसतं बघणाऱ्यांपेक्षा अधिक आणि अधिक पक्की होती. सुपरवायझरने हात पाठीमागे बांधले तेव्हा त्याने पहिला झरा मोकळा सोडला. माझं तासभराचं व्याख्यान तिसऱ्यातलं होतं आणि ते चौथ्यात वाहून गेलं. छापखाना दुसऱ्यातला. वडिलांना मोठं काम करताना पाहिलं आणि ते कुठे संपलं तेही पाहिलं.

बँडुराचा एक मुद्दा मात्र लोक हमखास विसरतात. ही खात्री ठरावीक कामापुरती असते. माणसाचा आत्मविश्वास म्हणून एकच एक आकडा नसतो.

खरं तर हे मला ताईंनीच दाखवलं. दुसऱ्या भेटीत मी सल्लागारांचा ठरलेला प्रश्न टाकला: या कामाबद्दल तुमचा आत्मविश्वास दहापैकी किती? त्या जरा वैतागल्याच. “कुठल्या कोपऱ्यावर?” म्हणाल्या.

नकाराच्या पत्राच्या पाठीमागे आम्ही एक चौकोन काढला. एका कोपऱ्यावर लिहिलं ‘काट्याचं काम’, दुसऱ्यावर ‘माणसं’, तिसऱ्यावर ‘वसुली’, चौथ्यावर ‘नवी वस्तू’.

बंद पडलेली शाखा

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी ताईंनी पहिल्या भेटीत सांगितलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या शहरात शाखा काढली होती. चौदा महिन्यांत ती बंद केली. सात महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक त्यात बुडाली. त्यावरून त्यांनी काढलेला धडा एका वाक्याचा होता: मोठं काम आपलं नाही.

त्या शाखेची खाती आम्ही एका दुपारी बसून काढली. काम चांगलं झालं होतं, तक्रारी मूळ जागेपेक्षाही कमी होत्या. पण बिलं सरासरी चार महिन्यांनी सुटत होती आणि तिथल्या माणसाला उधार थांबवायचा अधिकारच दिलेला नव्हता. प्रत्येक वेळी तो ताईंना फोन करायचा, ताई म्हणायच्या, असू दे, जुने लोक आहेत. ते जुने लोक इथले होते, तिथले नव्हते. म्हणजे चुकलेला कोपरा वसुलीचा होता आणि ताईंनी ठपका ठेवला तो कामाच्या आकारावर.

अपयश हा उत्तम शिक्षक, वगैरे आपण भाषणांत ऐकतो. मला ते अर्धवट वाटतं. डीन शेफर्ड या अभ्यासकाने २००३ साली लिहिलं, की धंदा बुडणं हे जवळचं माणूस जाण्यासारखं दुःख असतं आणि ते दुःख ताजं असेपर्यंत शिकण्यात अडथळा येतो. त्याच्या मते माणसाने त्या नुकसानीकडे नीट बघावं, मग काही काळ दुसऱ्या कामात मन घालावं, मग परत बघावं, असं ये-जा करत राहावं. ताईंनी शाखेचं शटर ओढलं आणि खात्यांच्या वह्या माळ्यावर टाकल्या. तीन वर्षं बघितलंच नाही. दुसरीकडे, ब्रिटनमधल्या ५७६ उद्योजकांच्या एका अभ्यासात (उकबासरन आणि सहकारी, २०१०) असं दिसलं, की एक धंदा संपवून दुसरा काढणाऱ्यांचा आशावाद अपयशानंतरही फारसा हलत नाही. एकाच वेळी अनेक धंदे सांभाळणाऱ्यांचा मात्र ताळ्यावर येतो. अपयश आपोआप काही शिकवत नाही. एकच अपयश कुणाला काहीच शिकवत नाही, तर कुणाला, ताईंसारखं, चुकीचंच शिकवतं.

याला समांतर गोष्ट काट्यांच्या जगात आहे. इलेक्ट्रॉनिक काटा खरं तर वजनाचा दाब मोजतो, आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत साधारण अर्ध्या टक्क्याने वाढतं. विषुववृत्तावर जुळवलेला काटा तसाच ध्रुवावर नेला तर एक किलोमागे पाचेक ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथे परत तपासावा लागतो. ताईंना हे माझ्यापेक्षा हजारपट चांगलं ठाऊक. तरी वसुलीचा आपला अंदाज त्यांनी जुन्या ग्राहकांवर जुळवला आणि तसाच दुसऱ्या शहरात नेऊन ठेवला.

जॉब कार्डं

कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. काटा किती चुकतो हे ठाऊक असलेल्या वजनाशी ताडून लिहून काढणं, एवढंच कॅलिब्रेशन. दुरुस्ती नंतरची, आणि ती दर वेळी लागतेच असं नाही. चूक माहीत असली तर तेवढी वजा करूनही काम चालतं.

ताईंच्या खात्रीचंही आधी तेवढंच करायचं ठरलं. आमचं नशीब असं, की त्यांच्याकडे सात वर्षांची जॉब कार्डं होती. प्रत्येक कामाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड: काटा कुठला, बिघाड काय, किती तास लागले, बिल कधी गेलं, पैसे कधी आले. त्यांच्या पुतणीने त्यातून डोळे मिटून चाळीस कार्डं काढली. ती फक्त बिघाड वाचून दाखवायची, आणि ताईंनी सांगायचं की किती तास लागले असतील. एक आकडा नव्हे, ‘कमीत कमी इतके ते जास्तीत जास्त इतके’, आणि पल्ला असा, की दहापैकी नऊ वेळा उत्तर त्यात यावं. मग दुसरी चाळीस कार्डं घेऊन तेच वसुलीच्या दिवसांबद्दल.

या खेळात माणसं सहसा सपशेल आपटतात. ‘नव्वद टक्के खात्री’ म्हणून दिलेल्या पल्ल्यांत खरं उत्तर नव्वदच्या खूप कमी वेळा सापडतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. मूर आणि हीली यांनी २००८ साली अतिआत्मविश्वासाचे तीन प्रकार वेगळे केले, त्यातला हा तिसरा: आपल्या अंदाजाच्या अचूकपणावर गरजेपेक्षा जास्त भरवसा.

ताईंचे निकाल मात्र एका दिशेने लागले नाहीत. तासांच्या अंदाजात चाळीसपैकी एकोणचाळीस वेळा उत्तर पल्ल्यात. पल्लेही अवास्तव मोठे: ‘दोन ते नऊ तास’, आणि लागलेले असायचे साडेतीन. म्हणजे या कोपऱ्यावर त्या स्वतःला कमी तोलत होत्या. वसुलीच्या अंदाजात चाळीसपैकी सतरा. तिथे पल्ले अरुंद, ‘तीस ते चाळीस दिवस’, आणि पैसे आलेले असायचे शहात्तराव्या दिवशी. माणसांच्या कोपऱ्यावर निष्कर्ष काढावा इतकी कार्डं नव्हती. सात वर्षांत अकरा जण ठेवले, दोन गेले, त्यावरून काय बोलणार? चौथ्या कोपऱ्यावर, नव्या वस्तूच्या, एकही कार्ड नव्हतं.

पुतणी म्हणाली, “मग आठ महिने कुठून आले, आत्या?”

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आठ महिने इंजिनिअर म्हणाला होता.

१९८८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांनी २,९९४ उद्योजकांना स्वतःच्या यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्क्यांनी दहापैकी सात किंवा त्याहून जास्त सांगितली, आणि ३३ टक्क्यांनी तर दहापैकी दहा. ज्यांची तयारी कच्ची होती तेही पक्क्या तयारीवाल्यांइतकेच आशावादी होते. ताईंचा चौथा कोपरा तो हाच. अनुभवाचं वजनच ठेवलेलं नसलं की काटा मनाला येईल तो आकडा दाखवतो.

पहिला कोपरा कमी का दाखवत होता, हे मला नंतर उमगलं. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी जुन्या कंपनीचे ३१ ग्राहक ताईंना शोधत आले होते. कंपनीने दुरुस्ती विभागच बंद केला होता आणि त्यांना दुसरं कुणी नकोच होतं. ताई ही गोष्ट ‘नशीब’ या सदरात सांगतात. शाखा बुडाली ती स्वतःमुळे आणि ग्राहक आले ते नशिबाने, असा त्यांचा जमाखर्च. रॉबिन हॉगार्थ या अभ्यासकाने शिकण्याच्या परिस्थितीचे दोन प्रकार केले: एक सरळ, जिथे चूक लगेच आणि स्पष्ट कळते, आणि दुसरी कपटी, जिथे कळायला उशीर होतो किंवा भलतंच कळतं. काट्याचं काम सरळ आहे. वजन ठेवलं की आकडा समोर. धंदा चालवणं बहुतांशी कपटी. ताई सरळ जगात घडलेल्या आणि त्यातला कौल त्यांनी मनावर घेतलाच नव्हता, कारण सुपरवायझरने शाबास म्हटलं नव्हतं. तो त्याचा मोठेपणा होता, असं मी वर सुचवलं खरं. पण त्याची ही दुसरी बाजूही असावी.

हात

शरीराबद्दल वेगळं लिहायला हवं. कर्जाच्या कागदावर सही करायची वेळ आली की ताईंच्या तळहाताला घाम येतो. बंद शाखेच्या करारावर तिसऱ्या पानावरची सही पुसट झाली होती, शाई ओल्या हाताला लागून. त्या याला कौल मानायच्या: हात ओले झाले म्हणजे यात काहीतरी वाईट आहे. आणि शाखा खरंच बुडाल्यामुळे तो कौल खरा ठरला होता.

मी त्यांना वहीत ‘हात’ असा एक रकाना ठेवायला सांगितलं. त्या हसल्या, पण ठेवला. मागचं आठवून आणि पुढचं नोंदवून जे दिसलं ते साधं होतं. हात प्रत्येक हप्त्याच्या कागदाला ओले होत होते. हप्त्यावर घेतलेल्या प्रिंटरलासुद्धा, आणि तो अजून उत्तम चालतो. इंडिकेटरच्या मसुद्याला मात्र हात कोरडे, कारण त्यात कर्ज नव्हतं, त्यांची शिल्लक जाणार होती. म्हणजे हात धोका मोजत नव्हते, कर्ज हा शब्द ओळखत होते. ताईंच्या भाषेत, सेल खराब नाही, पण तो फक्त एकाच गोष्टीला दबतो.

घाम त्यानंतरही थांबलेला नाही. थांबेल असं मी म्हटलंही नव्हतं.

काय ठरलं

माझ्या एका अनुभवी मित्राने हे टिपण वाचून आक्षेप घेतला. “तू त्या बाईंच्या भीतीचं मानसशास्त्र करत बसलास, पण भीती बरोबरच होती. अर्ध्याहून जास्त उत्पन्न एका ग्राहकाकडून येणं हा धोका आहे, वडिलांचा छापखाना असो वा नसो.” त्याचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच निव्वळ आत्मविश्वास वाढवून होकार देणं हा उपाय नव्हताच. छापखान्याने ताईंना खरी गोष्ट शिकवली होती, फक्त ती ‘मोठं नको’ अशी ढोबळ शिकवली होती. नेमकी शिकवण ही, की पैसे थांबले तर किती दिवस तग धरू शकतो ते आधी मोजा.

सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला, त्यात त्यांना दिसलं की ही मंडळी ‘किती मिळेल’ यापेक्षा ‘किती गेलं तर चालेल’ इथून सुरुवात करतात. आम्ही ताईंना तोच प्रश्न दोन्ही कागदांसाठी विचारला. दोन्हीकडे उत्तर एकच आलं: दोन महिन्यांचा खर्च. त्याच्या पलीकडे झोप नाही.

विसाव्या दिवशी नकाराऐवजी उलट प्रस्ताव गेला. दहा ठिकाणं, चार महिने, वे-ब्रिज सोडून. महिन्याची अर्धी रक्कम आगाऊ, आणि बिल पंचेचाळीस दिवसांवर गेलं तर फेऱ्या बंद. समोरून नऊ दिवस काहीच उत्तर नाही. ताईंच्या मते गेलं. मग फोन आला: चौदा ठिकाणं घ्या, पण वे-ब्रिजही बघा. वे-ब्रिजसाठी ताईंनी जड वजनांची गाडी असलेल्या दुसऱ्या एकाला जोडून घेतलं. कर्ज काढलं नाही.

तिसऱ्या महिन्याचं बिल थकलं. सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी ताईंनी फेऱ्या थांबवल्याचा मेल पाठवला आणि पाठवल्यावर मला फोन केला, पाठवण्याआधी नाही. मला या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. शाखेच्या वेळी त्यांनी तिथल्या माणसाला जे करू दिलं नव्हतं, ते इथे स्वतः केलं. पैसे बावन्नाव्या दिवशी आले. चाळीस ठिकाणं कधी मिळाली नाहीत. आज बावीस आहेत आणि ताई म्हणतात पुरेत. मला वाटतं तीस झेपतील, पण तो माझा अंदाज आहे आणि माझी जॉब कार्डं कुणी काढलेली नाहीत.

इंडिकेटरही सोडला नाही. भागीदारीवर सही न करता दोन नमुने बनवायचं ठरलं, दोन महिन्यांच्या खर्चाच्या मर्यादेत. आता पंधरावा महिना चालू आहे. पहिला नमुना चालला नाही. दुसरा चालतो, पण वर्कशॉप तापलं की आकडा सरकतो. सकाळी शून्यावर असलेला काटा दुपारी काहीही न ठेवता चाळीस ग्रॅम दाखवतो. इंजिनिअर म्हणतो दोन महिन्यांत होईल. ताईंनी वहीत लिहिलं आहे: तीन ते चौदा महिने.

गेल्या वेळी गेलो तेव्हा लक्षात आलं, वर्कशॉपच्या दाराला घंटा नाही. दार दिवसभर उघडंच असतं. आत ताई वही घेऊन बसल्या होत्या. गोदामवाल्यांच्या नव्या बिलासाठी त्यांनी पल्ला लिहिला होता, पंधरा ते नव्वद दिवस, आणि पैसे एक्केचाळिसाव्या दिवशी आले होते. मी म्हटलं, बसलं की पल्ल्यात.

“बसलं,” त्या म्हणाल्या, “पण एवढ्या ढगळ पल्ल्यात काहीही बसेल, सर.” आणि पुढच्या ओळीवर त्यांनी लिहिलं: तीस ते साठ.